घड्याळ दुरुस्तीची बारीक हत्यारं: काय विकत घ्यावं, काय घरी करावं, आणि कोणत्या क्रमानं

लंबकाचं जुनं घड्याळ उघडल्यावर अनेकदा एक गोष्ट लगेच नजरेत भरते. स्क्रूंच्या खाचा फाटलेल्या असतात आणि पितळी पट्टीवर स्क्रूड्रायव्हर घसरल्याचे ओरखडे असतात. यामागचं कारण बहुतेक वेळा चुकीचा क्रम हे असतं. आधी तयार सेट घेतला जातो, मग त्यातलं जे पातं कसंबसं बसेल ते वापरलं जातं. क्रम याच्या उलट हवा: आधी घड्याळाची मापं, मग त्या मापाचं हत्यार.

हा लेख चावीच्या भिंतीवरच्या आणि टेबलावरच्या घड्याळांसाठी आहे: अन्सोनिया, युंगहान्स, सेकोशा आणि त्यांच्या जातीची. मनगटी घड्याळाचं काम याहून बरंच बारीक असतं, त्याची हत्यारं वेगळी.

## टप्पा १: बाजारात जाण्याआधी मोजा

वर्नियर कॅलिपर, फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांचा संच) आणि एक वही घ्या. फीलर गेज मोटारसायकलच्या स्पेअर पार्टच्या दुकानात सहज मिळतं.

घड्याळातल्या प्रत्येक प्रकारच्या स्क्रूची तीन मापं लिहा: डोक्याचा व्यास, खाचेची रुंदी, खाचेची खोली. खाचेची रुंदी फीलर गेजनंच मोजा. जी पट्टी अडकत अडकत आत जाते ती तुमच्या पात्याची जास्तीत जास्त जाडी. कॅलिपरची टोकं इतक्या अरुंद खाचेत नीट बसत नाहीत आणि माप खोटं येतं. मोजण्याआधी खाचेतला मळ टाचणीनं काढा. वर्षानुवर्षं सुकलेल्या तेलानं खाच अर्धी भरलेली असते.

मग चावी बसते त्या चौकोनी टोकाचं माप, समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं. चाल आणि ठोके या दोन्ही बाजूंचं वेगवेगळं लिहा. चावीचे नंबर निरनिराळ्या उत्पादकांचे निरनिराळे असतात, म्हणून दुकानात नंबर सांगू नका, मिलिमीटर सांगा.

शेवटी चाकांच्या आसांची टोकं, म्हणजे पिव्हट. या घड्याळांत ती साधारण १ ते २ मिमी जाड असतात. सर्वात जाड कमानीच्या (घड्याळ चालवणाऱ्या मुख्य स्प्रिंगच्या) बाजूला, सर्वात बारीक एस्केपमेंटच्या (लंबकाच्या तालावर एकेक दात सोडणाऱ्या यंत्रणेच्या) बाजूला. ही मापं घड्याळ सुटल्यावरच नीट घेता येतात, म्हणून वहीत जागा मोकळी सोडा.

तपासा: वहीत किमान तीन वेगळ्या खाचांची मापं दिसली पाहिजेत. सगळ्या खाचा एकाच मापाच्या आल्या असतील तर पुन्हा मोजा.

## टप्पा २: जे घरी करू नये ते विकत घ्या

सगळं स्वतः करण्याचा हट्ट इथं महागात पडतो. पुढची हत्यारं विकतच घ्यावीत, पण पारखून.

आयग्लास. ३ किंवा ४ पटीचा रोजच्या कामाला, १० पटीचा फक्त तपासणीला. ४ पटीत काम भिंगापासून साधारण ६ सेंटिमीटरवर येतं, हात आणि हत्यार मावायला तेवढी जागा लागते. सुरुवातीलाच १० पटीचा लावून काम करणाऱ्याचं नाक हत्याराला टेकतं.

चिमटे. दोन पुरतात, एक दणकट टोकांचा आणि एक बारीक. दुकानातच उजेडासमोर धरून हलकेच मिटा. टोकं आधी जुळली पाहिजेत आणि मधे उजेडाची फट राहिली पाहिजे. मग जोरात दाबा. टोकं एकमेकांवरून सरकली किंवा उघडली तर तो चिमटा ठेवून द्या. लोखंडी टाचणीला चिकटणारा, म्हणजे चुंबकत्व आलेला चिमटाही नको.

ब्रोच. पिव्हटची भोकं वाढवण्याचे पाच कडांचे निमुळते कापणारे ब्रोच आणि त्याच मापांचे गोल, गुळगुळीत करणारे ब्रोच. हे काचेवर लोळवून पाहा; वाकडा ब्रोच लोळताना उड्या मारतो आणि भोक वेडंवाकडं करतो.

कमान बांधायच्या कड्या. अमेरिकी घडणीच्या घड्याळांत कमान बहुधा डब्यात नसते, उघडीच असते. सांगाडा (पितळी पट्ट्या आणि त्यांच्यामधली चाकं) सोडण्याआधी ती कडीत बांधावी लागते. ही कडी घरी तारेतून वळू नये. ती सुटली तर बोटं आणि डोळे दोन्ही जातात. तयार कड्या घ्या आणि त्यांचा आतला व्यास कमानीपेक्षा फार मोठा नाही ना, ते बघा.

बारीक कानशी. चपटी, चौकोनी, गोल आणि तिकोनी नीडल फाइल, शक्यतो स्विस कटच्या २ आणि ४ नंबरच्या. स्वस्त पाकिटातल्या दहा कानशींपेक्षा या चार चांगल्या.

मुंबईत नागदेवी स्ट्रीटला यातलं बरंच मिळतं. सोनारकामाची हत्यारं विकणारी झवेरी बाजाराच्या आसपासची दुकानं चिमटे, बारीक कानशी आणि पिनव्हाइससाठी (बारीक वस्तू धरायचा हातातला चाप) जास्त भरवशाची वाटतात, कारण त्यांचं गिऱ्हाईक रोज ती वापरणारं असतं. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात जुनी हत्यारं निघतात. तिथं जाताना खिशात एक लहान चुंबक आणि एक चांगली कानस ठेवा. त्यांचा उपयोग पुढच्याच टप्प्यात येतो.

## टप्पा ३: पोलाद ओळखा

घरी हत्यार करण्यातली सर्वात मोठी चूक इथं होते. समोर दिसेल ती सळई घेतली जाते: सायकलचा स्पोक, खिळा, जाळीची तार. आकार सुरेख येतो आणि पहिल्याच स्क्रूला पातं पिळवटतं. पाणी चढण्याइतकं, म्हणजे तापवून एकदम थंड केल्यावर कडक होण्याइतकं, कार्बन त्या लोखंडात नसतं.

सिल्व्हर स्टील हे सर्वात सरळ उत्तर. यात साधारण १ टक्का कार्बन असतो, सळई घासून अचूक व्यासाची केलेली असते आणि मऊ अवस्थेत मिळते. ३, ४, ५ आणि ६ मिमीची एकेक सळई घेतली तर घड्याळाची बहुतेक हत्यारं त्यातून होतात.

जुनी कानस हे उत्तम उच्च कार्बन पोलाद असतं आणि आधीच पूर्ण कडक असतं. तिला ग्राइंडरवर न तापवता आकार देता आला तर पुन्हा पाणी द्यावं लागत नाही.

तुटलेलं ड्रिल. हाय स्पीड स्टीलचं ड्रिल ग्राइंडरवर निळं पडलं तरी मऊ होत नाही, म्हणून टोकदार ओरखणी किंवा स्क्रॅपर करायला ते सोपं. भोसरीसारख्या औद्योगिक भागातल्या वर्कशॉपमध्ये अशी ड्रिलं भंगारात पडतात. मात्र कापणाऱ्या भागाचाच तुकडा घ्या; मागची दांडी अनेकदा मऊ असते.

दाभण आणि जाड सुया. आकडे आणि तेलाच्या काड्यांसाठी.

पियानो वायर. स्प्रिंगसारखी कडक, वेगळं पाणी द्यावं लागत नाही.

बाजारात शंका आली तर दोन परीक्षा करा. पहिली, कानस चालवून बघा: कानस घसरत असेल तर तुकडा आत्ताच कडक आहे. दुसरी घरी करायची. तुकड्याचं टोक लाल तापवून तेलात बुडवा आणि पुन्हा कानस लावा. पूर्वी कापत होती आणि आता घसरते, तर पोलाद कामाचं. अजूनही कापते, तर तो तुकडा हत्यारासाठी नाही, हँडल किंवा स्टँडसाठी ठेवा. चुंबक इथं फक्त एवढंच सांगतं की तुकडा पितळ किंवा चुंबकाला न चिकटणारं स्टेनलेस नाही. कार्बनबद्दल ते काही सांगत नाही.

## टप्पा ४: बाक

शेगडा (बेंच व्हाइस) घट्ट बसवलेला हवा आणि त्याच्या जबड्यांवर पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या हव्यात. ग्राइंडर असेल तर शेजारी पाण्याचं भांडं. दोन बाजूंचा ऑइलस्टोन, एक जाड काच, आणि २२०, ४००, ८०० नंबरचे पाणीपेपर. डोळ्यांना गॉगल.

सावधान: घासण्या-तापवण्याचं काम आणि घड्याळाचं काम एकाच टेबलावर करू नका. पोलादाचा कीस पिव्हटच्या तेलात गेला तर तो अॅब्रेसिव्हसारखा भोक खात राहतो.

## टप्पा ५: स्क्रूड्रायव्हरचा आकार

आता मुख्य काम. उदाहरणासाठी असा स्क्रू घेऊ: डोकं ५ मिमी, खाच ०.७ मिमी रुंद, १.२ मिमी खोल. यासाठी ५ मिमीची सळई, साधारण ९० मिमी लांब.

१. सळईच्या टोकापासून १२ मिमीवर मार्करनं खूण करा. या खुणेपासून टोकाकडे दोन्ही बाजूंनी उतार येणार.

२. शेगड्यात आडवी धरून एक बाजू कानसीनं उतरवा. कानस सपाट ठेवा, डोलू देऊ नका. मग सळई नेमकी १८० अंश फिरवून दुसरी बाजू. दोन्ही बाजूंना सारखे घाव घाला, नाहीतर पातं अक्षाच्या एका बाजूला सरकतं.

३. टोकाची जाडी साधारण १ मिमीवर आली की थांबा. टोकाचे शेवटचे २ मिमी निमुळते ठेवू नका, दोन्ही बाजू समांतर करा. सगळ्यात जास्त वेळ इथं घालवावा लागतो. निमुळतं पातं खाचेच्या फक्त वरच्या कडांना टेकतं. पीळ दिला की वर सरकतं आणि खाच फाडतं. समांतर टोक खाचेच्या भिंतींना पूर्ण उंचीत टेकतं, म्हणून घसरत नाही.

४. रुंदी: डोक्याच्या व्यासापेक्षा किंचित कमी, इथं ४.८ मिमी. पट्टीत बुडालेल्या स्क्रूसाठी ही काळजी जास्त, कारण रुंद पातं भोवतालच्या पितळावर ओरखडा काढतं.

५. टोक अक्षाला काटकोनात, सरळ कापलेलं असावं. कोपरे तीक्ष्ण असू द्या, गोल करू नका.

६. जाडी ०.८ मिमीपर्यंत आणून थांबा. खाचेचं माप ०.७ आहे, तरी ०.१ मिमी मुद्दाम राखायचं. पाणी देताना पृष्ठभाग थोडा जळतो आणि पातं किंचित वाकूही शकतं. ती दुरुस्ती करायला हे माप शिल्लक हवं.

तपासा: टोकाच्या डाव्या आणि उजव्या कडेची जाडी कॅलिपरनं वेगवेगळी मोजा. फरक ०.०३ मिमीपेक्षा जास्त असेल तर आत्ताच सुधारा. कडक झाल्यावर कानस चालणार नाही.

## टप्पा ६: पाणी चढवणे

हे काम संध्याकाळी किंवा अंधाऱ्या खोलीत करा. उन्हात लाल रंग फिका दिसतो, माणूस आणखी तापवतो आणि पोलाद बिघडतं.

तयारी अशी. झाकण असलेल्या स्टीलच्या डब्यात २५० ते ३०० मिली शेंगदाणा तेल, साधारण ५० ते ६० अंशांवर कोमट केलेलं. थंड तेल घट्ट असतं आणि उष्णता हळू खेचतं. गाडीचं जुनं इंजिन ऑइल वापरू नका, त्याचा धूर घशाला लागतो. डबा प्लॅस्टिकचा नको आणि आत पाण्याचा थेंबही नको. झाकण हाताशी ठेवा: तेल पेटलं तर ते लगेच बंद करायचं, पाणी मारायचं नाही. जवळ खिळ्याला एक चुंबक टांगून ठेवा.

१. टोकाला ओल्या साबणाचा पातळ थर चोळा आणि वाळू द्या. त्यानं पापुद्रा कमी धरतो.

२. ब्यूटेन टॉर्चनं टोकाचे १० ते १२ मिमी सारखे तापवा. ज्योत पात्याच्या पातळ टोकावर नको, थोडी मागे धरा. टोक आपोआप लाल होतं. टोकावरच ज्योत धरली तर ते पिवळं होतं आणि मागचा भाग काळाच राहतो.

३. रंग डाळिंबी लाल झाला की क्षणभर चुंबकाजवळ न्या. साधारण ७७० अंशांच्या आसपास पोलाद चुंबकाला चिकटायचं थांबतं. ते थांबलं की एक छटा वर तापवा, थोडा वेळ तिथंच ठेवा. नारिंगी होऊ देऊ नका.

४. ज्योतीतून सरळ तेलात, उभं. आडवं बुडवलं तर एक बाजू आधी थंड होते आणि पातं वाकतं. तेलात वर-खाली हलवा, बाजूला ढवळू नका.

५. पूर्ण थंड झाल्यावर कानस लावा. ती घसरली पाहिजे.

कानस कापत असेल तर कारणं तीन. पहिलं, ज्योत ते तेल या अंतरात पातळ टोक थंड झालं. डबा जवळ आणा. दुसरं, पुरेसं तापलं नाही. तिसरं, पोलादच चुकीचं. याच क्रमानं शोधा. कधी वरचा जळका पातळ थर मऊ असतो आणि आतला भाग कडक असतो. दोन घाव कापून मग कानस घसरू लागली तर काम बरोबर झालं आहे.

एक सवय मनापासून सुचवतो: त्याच सळईचा २० मिमी तुकडा आधी असाच कडक करून कापडात गुंडाळून, गॉगल लावून, शेगड्यात तोडून बघा. तुटलेली बाजू बारीक, राखाडी, रेशमी दिसली तर तापमान बरोबर. चमकणारे मोठे दाणे दिसले तर जास्त तापलं. हा तुकडा वाया जात नाही. पुढच्या सगळ्या हत्यारांचं तापमान तो एकदाच शिकवतो.

सावधान: कडक झालेलं पातं याच अवस्थेत वापरू नका, जमिनीवरही पडू देऊ नका. ते काचेसारखं फुटतं. पुढचा टप्पा त्याच बैठकीत करा, उद्यावर ठेवू नका.

## टप्पा ७: पाणी उतरवणे

पाणी उतरवणे म्हणजे कडक पोलाद पुन्हा हलकं तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करणे. अनेकजण हा टप्पा गाळतात किंवा घाईत उरकतात, आणि मग पात्याचा कोपरा तुटला की पोलादाला दोष देतात.

पातं ४०० च्या पाणीपेपरनं घासून लखलखीत करा. मग स्पिरिटनं पुसा आणि पुन्हा बोट लावू नका. तेलकट किंवा काळ्या पृष्ठभागावर खरा रंग दिसत नाही.

आता ज्योत टोकापासून २० ते २५ मिमी मागे, दांडीवर धरा, आणि लहान ठेवा. उष्णता टोकाकडे सरकते आणि तिच्या पुढे रंगांची रांग चालते. रंग आणि साधारण तापमान असं जुळतं:

- गवती (वाळल्या गवताचा फिका पिवळा), २२० ते २३० अंश: कापणारी आणि ओरखणारी हत्यारं
- तपकिरी, २५० ते २६० अंश: पिना काढायचे पंच
- जांभळा, २७० ते २८० अंश: स्क्रूड्रायव्हरची खालची मर्यादा
- निळा, २९० ते ३०० अंश: आकडे, लवचीक हवं ते सगळं

स्क्रूड्रायव्हरच्या टोकावर जांभळा पोचून निळ्याकडे झुकू लागला की ज्योत बाजूला करा आणि पाण्यात बुडवा. रंग इतक्या वेगानं पुढे जातो की निळ्याची वाट बघितली तर राखाडी येतो. राखाडी आला तर रडत बसू नका: टप्पा ६ पासून पुन्हा करा. पोलाद एवढ्यानं खराब होत नाही.

हात स्थिर नसेल तर दुसरी जुनी रीत वापरा. लहान पत्र्याच्या ताटलीत पितळेचा कीस भरा, त्यावर पातं ठेवा आणि ताटलीखाली मंद आच द्या. कीस उष्णता सगळीकडे सारखी पोचवतो आणि रंग सावकाश चढतो.

## टप्पा ८: मूठ आणि शेवटचं माप

सागवान किंवा शिसवीची मूठ, सहा बाजूंची. गोल मूठ टेबलावरून लोळते आणि पातं आधी आपटतं. ५ मिमीच्या पात्याला १८ ते २० मिमी जाड मूठ पुरते. भोकात दांडी ॲराल्डाइटनं बसवा आणि एक आडवी पिन घाला, नाहीतर जोर लावला की दांडी मुठीत फिरते.

मग ऑइलस्टोनवर जाडी ०.८ वरून खाचेला येईल तेवढी आणा. दोन्ही बाजू आळीपाळीनं, थोडं थोडं, आणि दर काही घावांनी प्रत्यक्ष स्क्रूवर बसवून पाहत. पातं खाचेत हातानं दाबून तळाशी पोचावं आणि सोडल्यावर उभं राहावं. सैल हललं तर फार पातळ झालं. टोक १ मिमी कापून पुन्हा समांतर करा.

तपासा: एक फुकट गेलेला स्क्रू शेगड्यात धरून त्यावर पूर्ण जोर लावा. टोक पिळवटलं तर पाणी जास्त उतरलं. कोपरा उडाला तर कमी उतरलं. कमी उतरलं असेल तर टोक घासून रंग थोडा पुढे न्या.

हे एक पातं नीट जमलं की उरलेली दोन-तीन मापं लवकर होतात.

## टप्पा ९: कमान उतरवायची चावी

घड्याळाचा सांगाडा सोडण्याआधी कमानीतला ताण संपूर्ण उतरवायचाच असतो. साध्या पंखवाल्या चावीनं हे करू नये. खटका (कमान उलटी फिरू न देणारी कळ) उचलला की कमान चावी हातातून हिसकावते आणि तिचे पंख बोटांवर बसतात.

यासाठी मापाची एक जादा चावी घ्या. टप्पा १ मधल्या मापापेक्षा ती ०.१ मिमी सैल चालेल, त्याहून जास्त नको. चावीची पोकळी चौकोनी टोकाची बहुतेक लांबी झाकते ना ते बघा. ओतीव चाव्यांत उभी चीर असते कधी, तीही आयग्लासनं शोधा.

१. चावीचे पंख कापा, पण मधे १० ते १५ मिमीची सपाट जीभ ठेवा.

२. २५ मिमी व्यासाची, १०० ते १२० मिमी लांब, गोल आणि गुळगुळीत लाकडी मूठ करा. इथं मूठ गोलच हवी, कारण ती मुठीतून सावकाश घसरू द्यायची आहे.

३. मुठीच्या टोकाला जिभेच्या जाडीची खाच कापा, जीभ बसवा, ॲराल्डाइट भरा, आणि लाकूड व जीभ यांतून ३ मिमीची पिन आरपार घाला. नुसत्या चिकटवण्यावर विसंबू नका.

वापरताना: चावी बसवा, मूठ घट्ट पकडून किंचित किल्ली देण्याच्या दिशेनं फिरवा म्हणजे खटक्यावरचा दाब जातो. दुसऱ्या हातानं खटका उचलून धरा. आता मुठीवरची पकड थोडी ढिली करा. मूठ तळहातात फिरत ताण सोडते. नको वाटलं तर खटका सोडून द्या, तो पुन्हा दात पकडतो. डोळ्यांना गॉगल कायम. कमान उघडी असेल तर ताण सोडण्याआधी तिच्याभोवती कडी चढवायची आणि कडीवरच उतरवायची.

सावधान: पहिली परीक्षा एक-दोन वळणांच्या कमानीवर करा, पूर्ण किल्ली दिलेल्या नाही. आणि चालीची बाजू उतरवून ठोक्यांची विसरू नका. दुसऱ्या बाजूची कमान भरलेली असताना सांगाडा सोडला तर चाकांचे दात तुटतात.

## टप्पा १०: पिव्हट घासायची बर्निशर

खराब पिव्हट पॉलिश पेपरनं चमकवणं ही सर्वात पसरलेली चूक. पेपरचे कण पोलादात रुतून राहतात आणि नवीन बुशही (पिव्हटच्या भोकात बसवलेली पितळी नळी) खातात. शिवाय पिव्हटची कड गोल होते. पिव्हटला लागतं ते बर्निशर: धातू काढण्यापेक्षा तो दाबून गुळगुळीत करणारं साधन.

झिजलेली बारीक चपटी कानस घ्या. तिची एक सपाट बाजू आणि एक कड यांवरचे दात पूर्ण काढा. ग्राइंडर वापराल तर दर काही सेकंदांनी पाण्यात बुडवा. कुठंही गवती रंगसुद्धा दिसला तर तेवढा भाग मऊ पडला असं समजा. मग खडबडीत ऑइलस्टोनवर सपाट करा. कानस जितकी कडक राहील तितकी चांगली. इथं पाणी उतरवायचं नाही.

सपाट बाजू आणि कड जिथं मिळतात तो कोपरा नेमका ठेवा. पिव्हटच्या मुळाशी हा कोपरा खांद्याला टेकतो. बोथट कोपरा तिथं गोलाई सोडतो.

आता सर्वात महत्त्वाची गोष्ट. काचेवर ४०० चा पेपर ठेवून बर्निशर तिच्या लांबीला काटकोनात घासा, म्हणजे पृष्ठभागावर बारीक आडव्या रेषा उठतात. लांबीच्या दिशेनं घासलेली बर्निशर नुसती घसरते, काही करत नाही. आडव्या रेषा पिव्हटला किंचित पकडतात आणि दाबतात.

वापरताना पातळ तेल लावा, पिव्हट हळू फिरवा आणि बर्निशर फिरण्याच्या उलट दिशेनं ढकला. पिव्हटखाली लाकडाच्या कडक तुकड्यात कापलेली खाच आधाराला हवी, नाहीतर बारीक पिव्हट वाकते. रेषा भरल्या, चकाकल्या की पुन्हा पेपरवर आडवं घासा. एका घड्याळात हे अनेकदा करावं लागतं आणि ते कंटाळवाणं आहे, पण इथं हात आखडला की पिव्हट पुन्हा ओरखडतो.

तपासा: १० पटीत पिव्हट काळसर चकाकलेला, एकाही गोल रेषेशिवाय दिसला पाहिजे. नखाला खाच लागली तर काम संपलं नाही.

## टप्पा ११: दाभणातून आकडा आणि तेलाची काडी

सांगाडा जोडताना प्रत्येक पिव्हट भोकात ढकलायला एका टोकाला आकडा आणि दुसऱ्याला लहान खाच असलेली काडी लागते. दाभण कडक असते, थंडच वाकवली तर तुटते. टोक लाल तापवून हवेत सावकाश थंड होऊ द्या, पुन्हा लाल करून वाकवा, बोथट टोकाला तिकोनी कानसीनं खाच काढा. मग पाणी चढवून निळ्यापर्यंत उतरवा. निळाच: आकडा किंचित लवला पाहिजे, कारण पिव्हट अडकला असताना न लवणारा आकडा त्याचं टोक तोडतो. वापरण्याआधी टोकं पेपरनं गुळगुळीत करा, नाहीतर पितळावर खूण उठते.

तेलाच्या काडीसाठी बारीक सुई किंवा ०.५ मिमीची पियानो वायर पुरते. सुई असेल तर टोक आधी लाल तापवून सावकाश थंड होऊ द्या. मग टोक हातोडीनं चपटं करून भाल्यासारखं घासा. चपट्या भागाच्या रुंदीवर तेलाचा थेंब ठरतो, म्हणून दोन काड्या करा, एक मोठ्या पिव्हटसाठी, एक एस्केपमेंटसाठी. काचेवर तेलाचा थेंब उचलून ठेवून बघा: तो पिव्हटच्या भोवतालच्या खोलगट वाटीच्या अर्ध्यावर मावला पाहिजे. वाटी भरून ओसंडली तर तेल पट्टीवर पसरतं आणि पिव्हट कोरडा पडतो. तेव्हा काडीचं टोक अरुंद करा, आणि पुन्हा काचेवर बघा.